वाघ दाखवायचं ओझं

गेल्या उन्हाळ्यात विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात गेले होते. सकाळची सफारी होती. पाणवठ्याच्या अलीकडे रस्त्यावर जिप्सी एकीमागे एक लागलेल्या, मी मोजल्या तेव्हा चौदा होत्या. वाघीण पलीकडच्या बांबूत बसली होती, तिचे कान आणि पाठीचा थोडा भाग तेवढा दिसत होता. सोबत दोन बछडे आहेत असं सगळे कुजबुजत होते, मला ते दिसले नाहीत. तिला पाण्यावर यायचं होतं हे मात्र उघड होतं. दोनदा ती उठली, चार पावलं पुढे आली आणि कुठल्या तरी गाडीचं इंजिन घुरघुरलं की पुन्हा मागे जाऊन बसली. आमच्या पुढच्या गाडीतला माणूस सीटवर उभा राहून चालकाला म्हणत होता, "थोडी पुढे घे ना, इथून फांदी आड येतेय." चालकाने गाडी पुढे घेतली. मग त्याच्या मागच्यानेही घेतली. ऊन चढत चाललं होतं. शेवटी वाघीण उठली आणि पाणी न पिताच उलट्या दिशेने निघून गेली.

आमचा गाईड पंचविशीचा, बफरमधल्याच, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या एका गावातला मुलगा. गाड्या पांगल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्ही कुणी त्या चालकांना थांबवलं का नाही?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काय सांगू ताई. वाघ नाही दिसला तर टीप नाही भेटत. मले नाही, डायवरलेही नाही. अन् पाहुणे रिसॉर्टवर जाऊन सांगते का गाईड बराबर नव्हता."

त्या सकाळपासून मला वाटत आलं आहे की व्याघ्र पर्यटनाबद्दल आपण जो वाद घालतो तो चुकीच्या जागी घालतो. पर्यटन हवं की नको, गाड्या किती असाव्यात, दंड किती असावा, यावर वर्षानुवर्षं बोललं जातं. पण गाईडच्या घरची चूल वाघ दिसण्यावर अवलंबून आहे, आणि ती तशी अवलंबून राहील तोवर कोणताही नियम पाणवठ्यावर टिकणार नाही, हे कुणी बोलत नाही.

३१ डिसेंबर २०२४ ची घटना अनेकांना आठवत असेल. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ या नावाने ओळखली जाणारी वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी आलेल्या जिप्सींच्या मध्ये अडकले. व्हिडिओ घरोघर पोचला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. कारवाई व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या गाड्यांमध्ये मागे बसलेले लोक वर्षाचा शेवटचा दिवस वाघासोबत घालवायचा म्हणून पैसे मोजून आले होते, आणि पुढे बसलेल्या दोघांची त्या दिवसाची कमाई मागच्यांच्या समाधानावर ठरणार होती. निलंबन संपल्यावर हीच माणसं त्याच गाडीत, त्याच हिशेबाने पुन्हा बसतात. आता बऱ्याच प्रकल्पांत सफारीत मोबाईल नेता येत नाही. चांगलं आहे, कारण 'अमक्या पाणवठ्यावर वाघ बसलाय' हा निरोप आता सहज पसरत नाही. पण निरोप नसला तरी धूळ दिसते. एक गाडी सुसाट निघाली की बाकीच्यांना कळतं.

मुळात वाघ वाचवायची योजना पर्यटकांसाठी आखलेली नव्हती. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली नऊ जंगलं निवडली होती, त्यात आपलं मेळघाट होतं. पुढे २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि देश हादरला. त्यातून कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, गाभा, म्हणजे आतलं कडक संरक्षणातलं जंगल, आणि बफर यांना कायद्याचा आधार मिळाला. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात २०१४ साली १९० होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. हे यश खरं आहे आणि त्यासाठी खपलेल्या माणसांचा मला अभिमान आहे.

पर्यटकांमुळे वाघ वाचतो, त्यांचे डोळे हीच गस्त, असं लॉजवाले सांगतात. मला हे अर्धंच पटतं. सरिस्कात पर्यटक येत होते. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्येही येत होते, तरी २००९ पर्यंत तिथला वाघ संपला. पर्यटक दिवसाउजेडी ठरलेल्या रस्त्यांवरून फिरतो. फासे लावणारा रात्री, रस्ता सोडून येतो. त्याला अडवतो तो पायी फिरणारा वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा वनमजूर.

आणि तरीही पर्यटन बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ती बंदी उठली. गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, अशी ती तत्त्वं. बंदी कायम राहिली असती तर जंगल वनखात्याचं आणि तिथल्या गावकऱ्यांचं राहिलं असतं, उरलेल्या समाजाचा त्याच्याशी काही संबंध उरला नसता. ताडोब्याच्या शेजारी लोहाऱ्याला कोळशाची खाण येणार होती तेव्हा चंद्रपूरच्या लोकांनी आंदोलन केलं आणि तो प्रस्ताव मागे पडला. ज्यांनी ते जंगल कधी ना कधी आतून पाहिलं होतं, अशी माणसं त्यात होती. जंगल पाहिलेला माणूस जंगलासाठी उभा राहण्याची शक्यता तरी असते. म्हणून माणसांनी जंगलात जावं असंच मला वाटतं. शाळेतल्या मुलांनी तर जावंच.

मग ही माणसं आत जाऊन नेमकं काय पाहतात?

त्या दिवशी वाघीण गेल्यावर आमच्या हातात दीडेक तास उरला होता. मी गाईडला म्हटलं, आता वाघाचं राहू दे, तुम्हाला जे दाखवावंसं वाटतं ते दाखवा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हे त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. मग चालकाशी दोन शब्द बोलला आणि आम्ही मुख्य रस्ता सोडून एका आडवाटेच्या सर्किटला लागलो.

पहिल्यांदा त्याने थांबवलं ते ऐनाच्या झाडापाशी. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. उन्हाळ्यात काही ऐन खोडात पाणी साठवून ठेवतात आणि जुनी माणसं टोचा मारून ते पीत, असं त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं. पुढे पांढराफटक कांडोळ, निष्पर्ण, उन्हात चमकणारा. मातीत उमटलेले पंजे: नराचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट. चितळ ओरडलं तर लगेच धावायचं नाही, ते पानाच्या सळसळीलाही घाबरतं. सांबराने आवाज दिला तर मात्र खात्री धरायची, कारण सांबर उगाच ओरडत नाही. एका जागी त्याने गाडी थेट बुंध्याला लावायला सांगितली. खाली उतरायला परवानगी नसते, म्हणून मी बसल्या जागेवरूनच वाकून वास घेतला. शिजत्या बासमती भाताचा वास. वाघाने आपली हद्द सांगायला तिथे फवारा मारला होता. वाघ समोर दिसला तेव्हा मी इतकी हलले नव्हते जितकी त्या वासाने हलले. हाच वास जंगलातल्या दुसऱ्या वाघाला काही सांगत असेल, आणि मी तिथे नाक लावून बसले होते.

दीड तासात त्या मुलाने जे सांगितलं ते कुठल्याही माहितीफलकावर नव्हतं. हे ज्ञान त्याच्याकडे घरातून आलं आहे. त्याची आजी मोहफुलं वेचायला जायची, आई अजून जाते. आपण या मुलाला गणवेश देतो, प्रशिक्षण देतो, ओळखपत्र देतो, आणि शेवटी त्याच्याकडून एकच काम घेतो: गाडी वाघापर्यंत पोचवणं. बाकी सगळं तो विसरला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पाचदहा वर्षं असंच चाललं तर तो विसरेलही.

वाघांना नावं देण्याचंही तेच. करांडल्याच्या जंगलात 'जय' नावाचा वाघ होता. त्याला पाहायला देशभरातून लोक आले, छोटंसं अभयारण्य गजबजून गेलं. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. रेडिओ कॉलर असलेला, लाखो लोकांना ठाऊक असलेला वाघ, आणि त्याचं काय झालं हे ठामपणे कुणी सांगू शकलं नाही. एका प्राण्याच्या नावावर एका गावाचा रोजगार उभा राहिला की तो प्राणी गेल्यावर गावाने काय करायचं?

आता मोहाच्या फुलांकडे येते, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे.

उन्हाळ्यात सफारीचं बुकिंग मिळत नाही. पानगळ झालेली असते, गवत वाळलेलं असतं, पाणवठे थोडे उरलेले असतात, वाघ पाण्याजवळ असतो, दूरवरचं दिसतं. म्हणून मार्च ते जून हा पर्यटनाचा भरगच्च मोसम. मोहफुलं पडतात ती मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे. बाया आणि पोरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, वाकून, बसून फुलं वेचतात. मे उजाडला की तेंदूपत्ता. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जंगलातली माणसं सांगतात. म्हणजे ज्या महिन्यांत आपण हजारो रुपये देऊन वाघ जवळून पाहायला जातो, त्याच महिन्यांत त्याच जंगलाच्या कडेला दुसरी माणसं पोटासाठी वाकून बसलेली असतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या जिल्ह्यात वाघ प्रकल्पाच्या आतच राहत नाहीत; ब्रह्मपुरीच्या प्रादेशिक जंगलात, शेताच्या बांधावर, वस्तीच्या मागे आहेत.

आणि ज्यांच्या जिवावर आपण गणनेचे आकडे अभिमानाने सांगतो, तेही असेच जीव गमावतात. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक व्याघ्रगणनेसाठी पायी चिन्हं नोंदवत फिरत होती. रस्त्यावर वाघीण बसलेली पाहून ती आणि तिचे सहकारी थांबले, मग बाजूच्या दाटीतून वळसा घालून जाऊ लागले. वाघिणीने तिला ओढून नेलं. २०२२ च्या गणनेचा जो आकडा मी वर लिहिला, त्यात तिचंही काम आहे.

वाघाची किंमत ही माणसं चुकवतात. त्या बदल्यात त्यांच्या मुलांना काय मिळावं? आज उत्तर आहे, गाईडचं काम, चालकाचं काम, रिसॉर्टमधली नोकरी. काम खरोखर मिळतं, अनेक घरं त्यावर चालतात, मुलीही गाईड झाल्या आहेत, हे मी पाहिलं आहे आणि ते मोलाचं आहे. पण गाईडचं उत्पन्न पाळी लागेल तितक्या फेऱ्यांचं, वर पर्यटकाच्या मर्जीची टीप, आणि पावसाळ्यात गाभा बंद झाला की सगळंच आखडतं. वाघाने ज्या गावचं माणूस नेलं त्याच गावच्या मुलाने शहरातून आलेल्या माणसाची वाघ न दिसल्याबद्दल मनधरणी करायची, ही व्यवस्था मला लाजिरवाणी वाटते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाईडला फेरीवर पैसे देणं थांबवा, महिन्याचा पगार द्या, बाराही महिने. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येईल. व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठानं त्यासाठीच आहेत. कायद्याने त्यांना गेटवर जमणारं शुल्क स्वतःकडे ठेवून संवर्धनावर आणि स्थानिक लोकांवर खर्च करता येतं. पुरलं नाही तर शुल्क वाढवा, आणि वाढवलेली रक्कम कशासाठी आहे हे पावतीवर छापा. जो माणूस हजारो रुपये जिप्सीवर आणि त्याहून जास्त खोलीवर खर्च करून येतो, त्याला हे जड नाही. पावसाळ्याचे महिने गाईडने वनरक्षकांबरोबर गस्तीला जावं. त्या दिवसांत रस्ते चिखलाने बंद असतात, पायी फिरणाऱ्या माणसांची गरज सर्वांत जास्त तेव्हाच असते, आणि रान डोळ्यांखाली राहिलं की ऑक्टोबरमध्ये पाहुण्याला सांगायला त्याच्याकडे कितीतरी जास्त असेल.

टीप हातात द्यायची नाही. द्यावीशी वाटली तर गेटवरच्या पेटीत टाकायची, आणि महिन्याअखेरीस ती सगळ्या गाईड-चालकांत सारखी वाटायची. त्या दिवशी वाघ दाखवलेला आणि न दाखवलेला, दोघांनाही तेवढीच. पाणवठ्यावरची घाई त्या दिवसापासून कमी होईल असं मला ठामपणे वाटतं, कारण गाडी पुढे रेटण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही. चालकांचं थोडं वेगळं आहे. गाडी बहुतेक वेळा कर्जावर असते, मालक वेगळा असतो, त्यामुळे त्यांचा हिशेब निराळा बसवावा लागेल. पण फेऱ्यांची पाळी ठरलेली असल्याने तो बसवता येतो.

यावर हमखास येणारा आक्षेप: पगार ठरला की गाईड आळशी होतील, आणि वाघाची हमी नसेल तर लोक येणारच नाहीत.

पहिल्याला उत्तर वर आलं आहे. वनरक्षकही पगारावरच काम करतो, आणि जिवाची बाजी लावून करतो. दुसऱ्यासाठी केरळात पेरियारला जाऊन यावं. १९७८ पासून व्याघ्र प्रकल्प असलेलं ते सदाहरित जंगल इतकं दाट आहे की वाघ दिसणं जवळजवळ अशक्य. तरी लोक येतात. तिथे पूर्वी दालचिनीसारखी साल चोरून काढणारे, शिकार करणारे लोक १९९० च्या दशकात गटात आणले गेले, आणि आज तेच पाहुण्यांना पायी जंगलात नेतात, बांबूच्या तराफ्यांवरून फिरवतात. ज्या माणसाला साल कुठे सापडते हे ठाऊक होतं, त्यालाच साल चोरणारा कुठून येईल हेही ठाऊक होतं. ते पर्यटन वाघावर उभं नाही, त्या माणसांच्या जंगलाच्या जाणकारीवर उभं आहे. विदर्भाचं कोरडं पानगळीचं जंगल वेगळं आहे, इथे वाघ दिसतो, त्यामुळे पायी फिरणं गाभ्यात शक्य नाही आणि मी ते सुचवतही नाही. पण बफरमधल्या निवडक, सुरक्षित भागांत गावच्या गाईडसोबत दोन तासांची पक्षी आणि झाडं पाहण्याची फेरी, पाणवठ्याजवळच्या मचाणावर एक शांत संध्याकाळ, हे वाढवता येतं. मेळघाटात वाघ क्वचित दिसतो. तिथे लोक जातात ते डोंगरांसाठी, खोल दऱ्यांसाठी, कोलकास-सेमाडोहच्या नदीकाठासाठी. ते निराश होऊन परत येतात असं मला कधी दिसलं नाही.

रिसॉर्टच्या जाहिरातींबद्दलही एक करायला हवं: 'वाघ दर्शनाची हमखास संधी' असं छापणाऱ्यांना प्रकल्पाच्या गेटवरून बुकिंगची सोय मिळता कामा नये. आशा तिथून पेरली जाते आणि तिचं ओझं पहाटे गेटवर उभ्या राहिलेल्या पोरावर येतं.

आपल्यालाही काही करता येईल, आणि ते फार मोठं नाही. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न 'आज दिसेल का हो?' असा विचारू नये. त्याऐवजी 'तुम्ही कुठल्या गावचे?' असं विचारावं. आणि वाघ दिसलाच, तर थोडं पाहून झाल्यावर आपणच म्हणावं, चला, मागच्यांना पाहू द्या, तिला पाण्यावर येऊ द्या.

१ जुलैला गाभ्याची गेट बंद होतात, १ ऑक्टोबरला उघडतात. मधल्या तीन महिन्यांत रस्ते दुरुस्त होतात, पुढच्या मोसमाची तयारी होते. येत्या पावसाळ्यात एखाद्या प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाने, सगळ्या नाही तरी निदान एका गेटवर, हा पगाराचा प्रयोग सुरू करून पाहावा. त्या गेटच्या खिडकीवर दरपत्रकाच्या खाली एवढंच लिहिलेलं असावं: गाईडला या शुल्कातून मासिक वेतन दिले जाते, कृपया त्यांना वाघ दाखवण्याचा आग्रह करू नये.